राखेच्या बुधवारच्या आधी

वसईला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला सगळे किल्ल्याची वाट दाखवतात. किल्ला पाहावाच. पण माझं ऐकाल तर आधी तिथल्या एखाद्या घरी जेवायला बसा, आणि जमलं तर राखेच्या बुधवारच्या आधीचे दिवस निवडा. हा बुधवार बहुतेक वर्षी फेब्रुवारीत येतो, कधी मार्चच्या सुरुवातीला. त्या दिवसापासून ख्रिस्ती मंडळींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो, तो ईस्टरपर्यंत चालतो. उपवासकाळात लग्नं लावत नाहीत. त्यामुळे नाताळ सरला की वसईत मांडवांची घाई सुरू होते आणि बुधवार जसजसा जवळ येतो तसतशी ती वाढत जाते. गल्लीगल्लीत ब्रास बँड, परसात चुलींची रांग, विहिरीवर भांड्यांचा ढीग. वसईच्या रोट्या, तिथलं तळण आणि कालवणं एका जागी पाहायची तर हेच दिवस.

मी सोलापूरकडची. ज्वारीचं पीठ, कढत पाणी आणि हाताचा जोर, एवढ्यावर आमची भाकरी होते. भाकरीचं पीठ आधी आंबवायचं असतं, त्याला रात्रभर झाकून ठेवायचं असतं, हे माझ्या आईला कुणी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. माझी एक मैत्रीण वसईतल्या होळी गावात सून म्हणून गेली, तिच्यामुळे मला हे स्वयंपाकघर उघडलं. ‘शेजारी लग्न आहे, फुगे तळायच्या रात्री ये,’ असा तिचा निरोप आला आणि मी विरार लोकल पकडली.

भाईंदर सुटलं की खाडी लागते. पुलावरून डाव्या हाताला पाणी समुद्राकडे पसरत गेलेलं दिसतं, पुढे नायगावच्या आसपास मिठागरांचे पांढरे चौकोन. वसई रोडला उतरून पश्चिमेला आलं की पहिली काही मिनिटं कुठल्याही उपनगरासारखीच जातात: इमारती, मोबाइलची दुकानं, रिक्षांची रांग. माणिकपूरचं चर्च मागे पडतं आणि मग रस्ता अरुंद होत जातो. विहिरी दिसू लागतात. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, कोपऱ्याकोपऱ्यावर चुन्यानं रंगवलेले क्रूस, त्यांच्या पायाशी झेंडूचे हार. होळीच्या नाक्यावर बाजार भरलेला असतो. वालाच्या शेंगा, अळू, केळफूल, मोगऱ्याचे पुडे आणि शेजारी ओली-सुकी मासळी. सुक्या बोंबलाचा वास आणि मोगऱ्याचा वास एकत्र आला की समजावं, होळी आली.

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. विक्रेत्या बाईचं आडनाव पोर्तुगीज, बोली मराठी, गळ्यात क्रूस, नेसण कधी लुगड्याचं. ‘तुम्ही मूळचे गोव्याचे का?’ असा प्रश्न इथल्या लोकांना आयुष्यभर ऐकावा लागतो. ते मूळचे इथलेच आहेत. गुजरातच्या बहादुरशहानं १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथले शेतकरी, बागाईतदार आणि कोळी यांतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. शेत तेच राहिलं, बोली तीच राहिली. सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी, कोळी अशा बोली आजही घराघरांत चालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली आणि मिस्साही मराठीत आली. ‘सुवार्ता’ मासिकाचे एकेकाळचे संपादक, दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्याच नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. असं असताना मराठी खाणं म्हटलं की आपण कोल्हापूर, मालवण, वऱ्हाड, खानदेश एवढी नावं घेतो आणि वसई सोडून देतो, हे मला पटत नाही. फुगे हा मराठी पदार्थ आहे, जसा मांडा आहे, जशी पुरणपोळी आहे.

आता रोट्यांकडे येते.

रोजची रोटी तांदळाची. उकड काढून किंवा कढत पाण्यात पीठ मळून हातावर थापलेली, मातीच्या नाहीतर लोखंडी तव्यावर भाजलेली. मऊ, पांढरी, मासळीच्या कालवणात चटकन भिजणारी. आमच्या भाकरीशी तिचं नातं लगेच ओळखू येतं आणि पाहुण्याला तिच्यात नवं काही वाटत नाही. पण लक्ष द्यावं ते ती थापणाऱ्या हाताकडे. ज्वारीची भाकरी आम्ही परातीत फिरवत थापतो. इथली रोटी दोन तळहातांत फिरते, प्रत्येक थापीबरोबर पाव इंच सरकते, कडा कुठेही जाड राहत नाहीत. मैत्रिणीच्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी मावशी म्हणते, बोलता बोलता रोट्या करत होत्या आणि एकदाही हाताकडे पाहत नव्हत्या.

दुसरी पायरी पोळ्यांची. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, चवीपुरतं मीठ-साखर आणि आंबवण. तव्यावर घातलं की वरून जाळी पडते, खालून किंचित लालसर कड येते. मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन लोक, अशाच पोळ्यांना चिटॅप म्हणतात. कोकणातलं घावन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना हा पोळा ओळखीचा वाटेल, पण घावनाला नारळाच्या दुधाची ही गोडी आणि आंबवणाचा हा हलका आंबटपणा नसतो. याच आंबवणाचं पीठ वाफवलं की सांदणं होतात. पोळे गोडाशी खातात, रस्स्याशीही खातात. मला विचाराल तर तिखट कालवणाशी खावे. नारळाचं दूध तिखटाला सांभाळून घेतं.

मग येतात वडे, तांदूळ आणि उडीद यांच्या पिठाचे, तळून टम्म फुगवलेले. वड्यांची जोडी मटणाशी. मालवणातल्या कोंबडी-वड्यांची आठवण येणारच, किनारा एकच आहे.

आणि या सगळ्यांच्या वर फुगे.

फुगे म्हणजे लग्न. फुगे म्हणजे नाताळ. मैदा, अंडी, नारळाचं दाट दूध, थोडी साखर, मीठ आणि आंबवण. भिजवलेलं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ सैल आणि भज्याच्या पिठापेक्षा घट्ट. त्या रात्री मांडवात तीन मोठी पातेली भरून ते ठेवलं होतं, वर ओली फडकी. संध्याकाळी भिजवलेलं, जेवणं उरकेपर्यंत पातेल्याच्या काठाशी आलं. मावशींनी फडकं उचललं तेव्हा पिठाच्या पोटातून बुडबुडे फुटत होते आणि गोडसर, आंबूस वास सगळ्या मांडवात पसरला. आळीतल्या बाया बाह्या सावरून कढयांभोवती बसल्या. कुणी लग्नाचं गाणं धरलं, ते कामाबरोबर पुढे सरकत राहिलं.

फुगा सोडायची रीत लिहून सांगायची झाली तर अशी. डावा हात पाण्यात बुडवायचा. ओल्या हातानं पीठ मुठीत घ्यायचं. मूठ हळूहळू आवळायची, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पिठाचा गोळा वर येतो, लिंबाएवढा, गुळगुळीत. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी किंवा चमच्यानं तोडायचा आणि तापलेल्या तेलात सोडायचा. एवढंच. पण मूठ जास्त आवळली तर गोळा लांबुडका होतो, कमी आवळली तर तो अर्धवट बाहेर येऊन मुठीलाच चिकटतो. बरोबर सोडलेला फुगा तेलात बुडतो, क्षणभर तळाशी थांबतो, मग वर येतो आणि फुगू लागतो. कढईत गर्दी नसली तर तो आपोआप उलटतो. खालची बाजू तांबूस होऊन हलकी झाली की जड बाजू खाली जाते. मावशींच्या कढईत फुगे असे एकामागून एक कुशीवर वळत होते आणि झारा नुसता काठावर ठेवलेला होता. बाहेर काढून मोडला तर आत पोकळी, तिच्याभोवती मऊ जाळी, वर पातळ कुरकुरीत साल.

‘तेल फार तापलं तर वरून काळा, आतून कच्चा,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि कमी तापलं तर तेल पितो. पहिला फुगा सोडून बघायचा, बाय. तो सांगतो.’

सैपाकघरातली सगळी मापं त्यांच्या हातात होती. नारळाच्या दुधाचा अंदाज त्या पिठाच्या थेंबावरून घेत होत्या. बोटांवरून पीठ कसं गळतं, तुटून पडतं की धार धरतं, यावर दूध घालायचं की थांबायचं हे ठरत होतं.

आंबवणाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या सगळ्या रोट्यांचा जीव त्यात आहे. आज बहुतेक घरांत दुकानातलं यीस्ट वापरतात. पूर्वी हे काम माडी किंवा ताडी करत असे. माडी काढणारा भंडारी पहाटे झाडावर चढतो, माडाची न उमललेली पोय बांधून तिचं टोक कापतो आणि खाली मडकं अडकवतो. पोयीतून गोड रस ठिबकतो. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसला तर हवेतलं आणि मडक्यातलं जिवंत यीस्ट काही तासांतच कामाला लागतं, साखर खातं, फेस आणतं. दुपारपर्यंत त्याला आंबूसपणा येतो. हाच फेसाळ रस पिठात घातला की पीठ फुगतं. पोर्तुगीजांना त्यांचा मऊ पाव हवा होता आणि इथे त्यांच्या देशातलं आंबवण नव्हतं. गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडी वापरली. वसईतही तेच हाताशी होतं. इथल्या बायांकडे नारळाचं दूध आणि तांदूळ होता, माडी होती, अंडी होती, मैदा नवा आला. त्यातून निघालेला पदार्थ लिस्बनचाही नाही आणि जुन्या शूर्पारकाचा, म्हणजे जवळच्या सोपाऱ्याचाही नाही. तो वसईचाच.

ज्यांनी माडीचा फुगा खाल्ला आहे ते म्हणतात की यीस्टच्या फुग्याला ती चव नाही. मला हे पटलं, कारण मावशींनी एका लहान पातेल्यात मुद्दाम माडीवर भिजवलेलं पीठ ठेवलं होतं. त्या फुग्यांना फुगायला वेळ जास्त लागला. रंग किंचित गडद आला. तोंडात टाकल्यावर शेवटी जो मंद आंबटगोडपणा राहतो तो दुसऱ्या पातेल्यातल्या फुग्यांत नव्हता.

जगात जिथे जिथे माणसानं पीठ आंबवलं तिथे आपल्या हवेत आणि आपल्या झाडात जे मिळालं त्यानंच आंबवलं. मला इथे रशियाची आठवण होते, आणि त्याला कारण आहे. गोव्यात मोरजीला रशियन पाहुण्यांमुळे तिकडची खाणावळ पाहायला मिळते. तिथे मी काळा राय पाव पहिल्यांदा खाल्ला, जड, ओलसर, आंबट. राय हे थंड, ओल्या, कसदार नसलेल्या जमिनीत येणारं धान्य. त्याच्या पिठाला आंबट घातल्याशिवाय पाव धडपणे उभा राहत नाही, म्हणून तिकडच्या बाया पिठाचा थोडा भाग पुढच्या खेपेला लाकडी भांड्यात राखून ठेवत. बोरोदिन्स्की नावाच्या पावावर धने असतात, आपलेच धने, आणि तो वास तोंडाजवळ आला की सोलापूरच्या बाईलाही घर आठवतं. उरलेल्या शिळ्या काळ्या पावाला आंबवून तिथे क्वास नावाचं पेय करतात. लग्नात कारावाय हा गोल, नक्षीदार पाव असतो, पाहुण्याच्या स्वागताला पाव आणि मीठ पुढे करतात.

पण होळीच्या मांडवात बसून मला आठवले ते तिकडचे ब्लिनी, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे पातळ पोळे. पूर्वी ते कुट्टूच्या पिठाचेही करत. रशियात मोठ्या उपवासाच्या आधीचा आठवडा मास्लेनित्साचा असतो. त्या आठवड्यात मांस आधीच बंद झालेलं असतं, पण लोणी, दूध, अंडी चालतात, म्हणून घरोघरी ब्लिनींच्या चवडी आणि त्यांवर लोणी. उपवासाआधी स्निग्ध संपवायचं आणि हिवाळ्याला निरोप द्यायचा. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसांना इंत्रूज म्हणतात आणि त्यांच्याकडेही तेव्हा गोड सारणाचे पॅनकेक होतात. पंथ वेगळे, पंचांगं वेगळी, समुद्र वेगळे. तवा मात्र उपवासाच्या आदल्याच आठवड्यात तापतो.

या किनाऱ्यावर रशियन माणूस पोर्तुगीजांच्याही आधी येऊन गेला आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, पुढे बीदरपर्यंत पोचला. लोक भात आणि तूप घातलेली खिचडी खातात, नारळापासून दारू काढतात, अशा नोंदी त्यानं केल्या. त्याच्या लिखाणातली सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. व्होल्गाच्या मुखाजवळ त्याला लुटलं गेलं, त्यात त्याची पुस्तकंही गेली. त्यामुळे परमुलखात ईस्टर कधी, उपवास कधी सुरू करायचा, हेच त्याला कळेना. भोवतीच्या मुसलमानांचे रोजे सुरू झाले की तोही उपास धरायचा. सणाची तारीख हरवणं म्हणजे काय, हे वसईत त्या आठवड्यात मला नीट समजलं. इथे प्रत्येक रोटीला तिचा दिवस आहे आणि तो दिवस सगळ्या आळीला पाठ आहे.

रोट्या कशाशी खायच्या, हेही नव्या माणसाला सांगायला हवं. वसईच्या ख्रिस्ती घरात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरात पुष्कळ पदार्थ सारखे आहेत. (ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मधलं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी घेतलेलं.) सगळ्याच्या मुळाशी बाटलीचा मसाला. तो एप्रिल-मे मध्ये होतो. मिरच्या दोन-तीन जातींच्या, रंगाला वेगळी, तिखटाला वेगळी. त्यांत धने, जिरे, हळकुंड, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, शहाजिरे, त्रिफळ, आणि दाटपणासाठी भाजलेले गहू आणि हरभरा. पंचवीस-तीस जिन्नस सहज होतात. सगळं कडक उन्हात वाळवायचं, एकेक वेगळं भाजायचं, मग कांडायचं. मसाला कांडणाऱ्या बाया घरोघर फिरून हे काम करत. तयार मसाला बियरच्या तपकिरी बाटल्यांत भरतात. तोंडापर्यंत, काठीनं ठासून ठासून, आत हवा राहू नये म्हणून. तपकिरी काचेतून उजेड कमी जातो, त्यामुळे रंग आणि वास वर्षभर टिकतात. मावशींच्या फडताळात अशा बाटल्या उभ्या होत्या. एक उघडी होती, तिच्यातून मसाला काढायला तार ठेवलेली. ‘ही माझ्या सासूची भांडणाची बाटली,’ मैत्रीण म्हणाली. दोन जावांच्या मसाल्यांत त्रिफळ किती, यावरून या घरात दर उन्हाळ्यात वाद होतो.

फुग्यांशी इंद्याल खावं. व्हिनेगर, लसूण, मिरची आणि मोहरीचा झणका असलेलं हे कालवण पोर्तुगीज वळणाचं, गोव्याच्या विंदालूचं भावंड. फुग्याची साखर आणि इंद्यालचा आंबट तिखटपणा एका घासात आला पाहिजे. सरपोतेल हेही लग्नाचंच, डुकराच्या मांसाचं आणि काळजाचं, बारीक चिरून शिजवलेलं. ते पहिल्या दिवशी खायचं नसतं. करून ठेवायचं, रोज एकदा उकळायचं आणि व्हिनेगर मुरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढायचं. ज्या पाहुण्याला डुकराचं मांस चालत नाही त्याच्यासाठी खुडी आहे, मटणाची किंवा कोंबडीची, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची दाट आमटी. ती वड्यांशी खावी. मासळीचं कालवण मात्र फुग्यांशी मागू नका, ते तांदळाच्या रोटीचं. आणि शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. वालाची भाजी, केळफूल, अळू, सगळं परसातलं. वाडवळांची उकडहांडी हिवाळ्यात मिळाली तर सोडू नये.

होळीहून उत्तरेला आगाशीकडे गेलात तर भुजिंग खा: निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे आणि मसाला एकत्र परतलेला पदार्थ. तिकडचीच सुकेळी, राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवलेली, मधाच्या रंगाची. सुकेळ्यात वरून घातलेल्या साखरेचा कण नसतो आणि तरी ते कुठल्याही मिठाईच्या तोडीचं गोड असतं. त्या बागा आता विरळ होत आहेत.

बागा विरळ होण्याचा आणि रोट्यांचा संबंध थेट आहे. भातशेतीच्या सखल जमिनीवर भराव पडतो, तिथे इमारत उभी राहते. घरचा तांदूळ संपला की पीठ दुकानातून येतं, त्याचा जुना-नवा कळत नाही. रोटी चिरते, पोळ्याला जाळी पडत नाही. माड राहतात, पण त्यावर चढणारा मिळत नाही. भंडाऱ्याचा मुलगा नोकरीला जातो, आणि ते योग्यच आहे. झाडावर चढणं हे जिवावरचं काम आहे, त्याला त्या मानानं पैसा कधीच मिळाला नाही. ‘परंपरा टिकवा’ असं शहरातून येऊन सांगणं सोपं असतं. माडीला आणि माडीवाल्याला रास्त दाम देणं हे खरं काम, ते कुणीतरी हाती घ्यायला हवं. पाककृती वहीत उतरवून फुगा वाचणार नाही. त्याला माड लागतो, माडावरचा माणूस लागतो आणि आदल्या रात्री पीठ भिजवायला मोकळीक असलेली आळी लागते. केटरर फुगे करून देतात, चांगले करतात, गोल करतात. पण मांडवातल्या त्या रात्रीला त्यात जागा नाही.

मंगळवारी ते शेजारचं लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत फुग्यांच्या परड्या फिरत होत्या, त्यामागे इंद्याल आणि पुलाव. एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्यांदा परडी थांबवून म्हणाले, ‘घ्या घ्या, उद्यापासून बंद.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये लोकांच्या कपाळाला राख लागली. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. दुपारी मावशींकडे मऊ भात, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मांस नव्हतं, तळण नव्हतं. उरलेले फुगे मुलांनी चहात बुडवून संपवले.

मैत्रिणीनं या वर्षी एक काम सुरू केलं आहे. सासूच्या मुठीत किती पीठ येतं, एका नारळाचं दूध किती निघतं, माडी किती घातली की किती तासांत पीठ वर येतं, हे ती वजन करून, घड्याळ लावून लिहून ठेवते. तिची मोजमापं पाहून मावशी आधी वैतागल्या, आता त्याच तिला हाक मारतात, ‘ये, वजन कर, भिजवते आहे.’ ईस्टरच्या आदल्या रात्री पुन्हा फुगे होणार आहेत. माडी देणारा एक माणूस पलीकडच्या गावात अजून झाडावर चढतो, त्याला आगाऊ सांगून ठेवलं आहे. त्यानं होकार दिला तर मी शनिवारी दुपारीच पोचणार आहे, पीठ भिजवण्याआधी.